डीपी नऊची गळती

४ फेब्रुवारी

चौदा वर्षं मीटर टेस्टिंगच्या खोलीत काढली, आज तिथून बाहेर पडलो. मोठ्या साहेबांनी बोलावलं आणि बसायलाही न सांगता म्हणाले, "वीजचोरी पकडायच्या पथकाचे प्रमुख उद्यापासून तुम्ही." मी म्हटलं, साहेब, मला मीटर कळतात, माणसं नाही कळत. ते म्हणाले, "म्हणूनच."

हे कौतुक होतं की टोमणा, ते अजून ठरत नाही.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "म्हणजे लोकांच्या घरांत घुसायचं?" घुसायचं नाही गं, तपासणी करायची. लेक मात्र खूश. तेरा वर्षांची झाली तरी तिला वाटतं, बाप पोलिसात गेला.

साहेबांना सगळ्यात आधी डीपी नंबर नऊ हवाय. "डीपी म्हणजे तो रस्त्यावरचा गुणगुणणारा डबाच ना?" लेकीने विचारलं. तोच. मग तिला गळती समजावून सांगितली. टाकीतून शंभर बादल्या पाणी सोडलं आणि घराघरांत मिळून साठच पोचलं, तर चाळीस कुठे गेलं? ती म्हणाली, पाइप फुटला असेल. म्हटलं, किंवा कुणीतरी मध्येच बादली लावली असेल. डीपी नऊवर रोज चाळीस बादल्या गायब आहेत.

नऊवरून तीन लाइनी निघतात. एक दुकानांच्या रांगेला, एक बर्फाच्या कारखान्याला आणि एक खाणीकडच्या वस्तीला. दुकानं महिन्यापूर्वीच तपासून झालीत. कारखान्याचा मीटर गेल्या वर्षी मीच तपासून त्याला सील लावलंय. राहिली वस्ती. वजाबाकी एवढी सोपी असेल तर मागच्या प्रमुखाला तीन वर्षं काय झालं होतं, कोण जाणे.

६ फेब्रुवारी

कपाळाला चार टाके.

सकाळी नऊला वस्तीत शिरलो. मी, ड्रायव्हर, दोन मदतनीस आणि वायरमन. हा वायरमन याच वस्तीत जन्मला. आता कंपनीच्या खोल्यांत राहतो. खांबांवर अठरा वर्षं काढलीत, बोलतो कमी. वर बघितलं तर उघड्या तारांवर आकडेच आकडे लटकलेले. कुणी सायकलची तार वाकवून केलेले, कुणी छत्रीच्या काड्यांचे. गल्लीभर वायरींचं जाळं. पहिले सहा आकडे काढले तोवर लोक नुसते बघत होते. सातव्याला एका बाईने उकळतं पाणी फेकलं. एका मदतनिसाच्या मानेची कातडी तिथल्या तिथे सोलवटली. त्याच्या किंचाळण्याने गल्ली पेटली. दगड कुठून येतात ते दिसतच नव्हतं. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं आणि मी खाली बसलो. वायरमन माझ्यावर ओणवा झाला. त्याच्या पाठीत दगड बसत होते ते मला आतून ऐकू येत होते, धप्, धप्.

परत येताना जीपमध्ये तो म्हणाला, "साहेब, एका घरात एक दिवा, एक पंखा. चाळीस टक्के वीज या वस्तीच्या पोटात मावत नाही. तिन्ही लाइनींना एकदा टाँग टेस्टर लावून बघा."

तारेभोवती चिमटा धरायचा की आतून किती करंट जातोय ते कळतं, तो टाँग टेस्टर. हे मला शिकवतो! मी म्हटलं, तुझी माणसं आहेत म्हणून बोलतोस.

ही माझा शर्ट बादलीत भिजवत कितीतरी वेळ बसून होती. पाणी लाल झालं, ओतलं, पुन्हा लाल झालं. "पुन्हा जायचंच आहे का?" म्हणाली.

११ फेब्रुवारी

हिने विचारलं, "आता परत कधी?" म्हटलं, परवा, गुरुवारी सकाळी. संध्याकाळी इस्त्रीवाली कपडे न्यायला आली. तिची टपरी वस्तीच्या तोंडाशीच आहे, पण इस्त्री कोळशाची, त्यामुळे तिच्यावर माझा डोळा नाही. दोनच शर्ट होते. दोन शर्टांसाठी दोघी दारात पंधरा मिनिटं काय कुजबुजत होत्या, देव जाणे. विचारलं तर ही म्हणाली, "बायकांचं काही असतं."

१३ फेब्रुवारी

एकही आकडा नाही. एकही! तारा धुऊन पुसून ठेवल्यासारख्या. लोक दारात उभे राहून हसत होते. एका म्हाताऱ्याने स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाला, "बसा साहेब, दमला असाल." मदतनीससुद्धा तोंड फिरवून हसले. मला दगड परवडला, हे नाही.

कुणीतरी आधी सांगितलंय.

घरी आलो तर ही दारातच. "कुणाला लागलं तर नाही ना?" नाही म्हटल्यावर चेहरा असा खुलला की मला रागच आला. माझी दिवसभर फजिती झाली आणि हिने गोड काय केलंय, वाढतेय काय! ताट जाऊन भिंतीवर आदळलं. मी फेकलं नव्हतं, सरकवलं होतं. लेक अभ्यासाचं दप्तर घेऊन आतल्या खोलीत गेली.

२१ फेब्रुवारी

पुन्हा तेच. आठ दिवसांत दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत. आता पोलिसांकडून एक हवालदार कायमचा जोडून दिलाय. मान जाड, आवाज मऊ. म्हणाला, "साहेब, चोर नंतर. आधी आपल्यातला घरभेदी शोधा. वस्तीत जन्मलेला कोण आहे पथकात?"

हे मला आधी कसं सुचलं नाही?

मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला मीटरच बरे होते." कानशिलं तापली. घरी आल्यावर लेकीने काहीतरी विचारलं आणि मी ओरडलो. काय विचारलं होतं, ते आता आठवत नाही.

२७ फेब्रुवारी

हाताला पट्टी आहे. अक्षर वाकडं येतंय, पण आज लिहायलाच हवं.

नऊला जायचं ठरलं होतं. घरीही तेच सांगितलं होतं. सकाळी हवालदार म्हणाला, अर्धा तास आधी निघू, म्हणजे घरभेद्याची बातमी फुकट जाईल. साडेआठला गल्लीच्या तोंडाशी पोचलो. लोक घाईघाईने आकडे काढतच होते! कुणी बांबूने, कुणी काठीने. जीप दिसताच एकच पळापळ झाली. पत्र्याच्या छपरावर एक माणूस होता. गवंडी, हातांना अजून सिमेंट. त्याचा बांबू निसटून खाली पडला. त्याने आमच्याकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं आणि हातानेच वायर ओढली.

वायरमन चालत्या जीपमधून उडी मारून डीपीकडे पळाला. "लाइन बंद करतो! हात नका लावू त्याला, कुणी हात नका लावू!" पण गवंड्याच्या भावाने त्याचा पाय धरलाच. तो लांब फेकला गेला. गवंडी मात्र चिकटून राहिला. उभाच्या उभा, मान मागे टाकून, दात दिसत होते. टाचेतून धूर निघत होता. पत्रा खडखडत होता. वास आला. मग वायरमनने लाइन पाडली आणि तो माणूस कपडे दोरीवरून पडावेत तसा पडला.

नंतरचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. जीप उलटी झाली. तिच्या टाकीतून पेट्रोल वाहत होतं आणि कुणीतरी काडी टाकली. भाजलेल्या मानेच्या मदतनिसाचा जबडा फावड्याने फोडला, तो हाताने खालचे दात धरून चालत होता. माझ्या हातावर सळई बसली. हवालदाराने हवेत गोळी झाडली. वायरमनने मला कॉलरला धरून दुकानांच्या मागच्या दारातून ओढत बाहेर काढलं.

हिने जखम धुतली. विचारलं, "गेला तो कोण होता?" म्हटलं, गवंडी. "घरी कोण कोण आहे त्याच्या?" मला काय माहीत? मी म्हटलं, माझ्या हाताकडे बघ आधी. ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आली नाही.

१ मार्च

दोन दिवस ही जेवलेली नाही. माझ्या काळजीने वाळत चालली आहे. तिला म्हटलं, घरभेदी सापडू दे, मग सगळं ठीक होईल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर काढून घेतली. इस्त्रीवाली येऊन गेली. हिने दार उघडलं नाही. "कपडे नाहीत म्हणून सांग," असं लेकीकरवी सांगितलं. कोपऱ्यात ढीग पडला होता.

३ मार्च

खरं लिहायचं ठरवलंय, तेव्हा खरं लिहितो.

जेवणाच्या सुट्टीत हवालदार आणि त्याचे दोन शिपाई टेस्टिंगच्या जुन्या खोलीत वायरमनला घेऊन आले. मी आत होतोच. दार लावलं. हवालदाराने मऊ आवाजात विचारलं, "वस्तीत कोण सांगतं?" वायरमन म्हणाला, "मी नाही सांगितलं." "मग कोण?" यावर तो गप्प. नाही माहीत, असं नाही म्हणाला. गप्प. त्याला माहीत होतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी पुढे होऊन म्हटलं, अरे, माणूस मेला त्यात, बोल! त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बाहेर जा."

मला! माझ्याच खोलीत!

पहिली थप्पड माझी. मग दुसरी, मग मोजल्या नाहीत. शिपायांनी त्याला खाली पाडून बुटांनी तुडवला. बरगडी मोडल्याचा आवाज कोरड्या काटकीसारखा असतो. तरी तोंड उघडेना. तेव्हा हवालदाराने लोखंडी कपाटाचं दार उघडलं आणि म्हणाला, "याचा उजवा हात द्या इकडे." तो हात ओढून घेत होता, नीट बसेना. मनगट मी धरलं. हवालदाराने दार लाथेने बंद केलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दार पूर्ण लागलं.

तो ओरडला, पण नाव नाही घेतलं.

"खांबावरून पडला" असा अहवाल केलाय. खाली माझी सही. अठरा वर्षांत तो खांबावरून कधी पडला नव्हता, हे सगळं ऑफिस जाणतं. कुणी काही बोललं नाही.

हात साबणाने धुतले, शांत वाटलं. हेही खरं आहे.

७ मार्च

पकडले! अख्खी वस्ती गाफील. तारांवर एकशे बारा आकडे. म्हणजे घरभेदी तोच होता, आता कसलाही संशय उरला नाही. तो दवाखान्यात पडला आणि बातमी फुटायची थांबली.

या वेळी तीस पोलीस होते. दारं लाथेने उघडली. मी पुढे होतो. पंखे फोडले, वायरी तोडल्या, एक शेगडी उचलून आपटली. कुणी आडवं आलं की काठी. एका तरुणाच्या नडगीवर मी स्वतः मारली, तो लंगडत पळाला आणि त्याच्या आईने माझे पाय धरले. मी तिला पायाने बाजूला केलं. त्या स्टूलवाल्या म्हाताऱ्याच्या घरात गेलो. म्हटलं, आता बसू का? स्टूल भिंतीवर आपटून फोडलं. त्याचा एक पाय उडून म्हाताऱ्याच्या ओठाला लागला. तो रक्त गिळत उभा राहिला. हसला नाही.

शेवटी वस्तीची लाइनच डीपीवरून सोडवून टाकली. साहेबांनी पाठ थोपटली.

घरी सांगत होतो. लेक म्हणाली, "बाबा, हळू बोला ना." मी हळूच बोलत होतो.

१८ मार्च

काहीतरी चुकतंय.

वस्ती अकरा दिवस बंद आहे. तिथे एक दिवा लागत नाही. आज डीपी नऊचं रीडिंग घेतलं, दुकानांचं आणि कारखान्याचं घेतलं, वजाबाकी केली. चाळीस बादल्यांतल्या फक्त सहा वाचल्या. चौतीस अजून जातायत.

तीनदा मांडून बघितलं. चौथ्यांदा मांडायचं धाडस झालं नाही. वस्तीच्या पोटात मावत नाही, असं तो म्हणाला होता. सहा मावत होत्या. सहा बादल्यांसाठी तो गवंडी.

२३ मार्च, दवाखान्यातून

डावा डोळा बंद आहे, गालाची कातडी गेलीय, तीन बरगड्या. हात चालतो.

एकोणीस तारखेला भर दुपारी डीपीवर गेलो. कारखान्याच्या केबलला टाँग टेस्टर लावला. कारखान्याचा मीटर जेवढा दाखवतो त्याच्या चौपट करंट. पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटांचं! दीड महिन्यापूर्वी करायला सांगितलं होतं.

ड्रायव्हरला घेऊन कारखान्यात शिरलो. मीटर जागेवर, माझं सील शाबूत, अगदी चोख चाललेला. मीटर खरं बोलत होता, पण त्याच्यापर्यंत जेवढं पोचत होतं तेवढंच. केबलच्या मागोमाग गेलो. कोपऱ्यात मिठाची पोती रचलेली होती. दोन पोती ओढली तर मागे दुसरा स्विचबोर्ड. जमिनीतून वर आलेली केबल, मीटरच्या अलीकडेच फोडलेली. मोठ्या मोटरा सगळ्या त्यावर.

मालक मागे येऊन उभा राहिला. "चहा घेणार?" मी म्हटलं, पंचनामा करणार. तो म्हणाला, "तुमच्या मोठ्या साहेबांना विचारून आलात ना?" मग फाटकाकडे तोंड करून म्हणाला, "हवालदार, तुमचे साहेब आलेत." सावलीत खुर्ची टाकून हवालदार बसला होता. उठलाही नाही. फाटक लागलं. ड्रायव्हर त्याआधीच निसटला होता.

चौघे होते. पहिला फटका गुडघ्याच्या मागे. खाली पडल्यावर टेस्टर माझ्या डोळ्यांसमोर पहारीने चुरला. मग मला उचलून बर्फाच्या लादीवर तोंड दाबून धरलं. गाल आधी जळतो, मग बधिर होतो, मग चिकटतो. दोघांनी पाठीवर बुटांनी नाचून घेतलं. मग केसांना धरून ओढलं, तेव्हा गाल लादीवर राहिला. मी ओरडलो तसा आधी एकदा कुणीतरी ओरडलेला ऐकला होता.

फाटकाबाहेर फेकलं. वस्तीची माणसं कडेला उभी होती. कुणी दगड मारला नाही, कुणी हातही लावला नाही. तो म्हातारा पुढे आला. ओठावर अजून खपली. पाण्याचं भांडं माझ्यापासून दोन हातांवर ठेवलं आणि निघून गेला. सरपटत जाऊन घ्यावं लागलं.

२५ मार्च

वायरमन याच दवाखान्यात आहे, दोन खोल्या सोडून. दोन बोटं काढावी लागली, बाकीच्यांत जखम चिघळलीय. आज भिंतीला धरत त्याच्या खाटेपर्यंत गेलो. त्याची बायको उठून बाहेर गेली, माझ्याकडे न बघता.

म्हटलं, कारखानाच होता. तुझं खरं होतं.

"माहीत आहे."

"पण मग वस्तीत बातमी का देत होतास? ती दिली नसतीस तर—"

"मी नाही दिली, साहेब. तेव्हाही सांगितलं होतं."

"कोण देतं ते तुला माहीत होतं."

"होतं. इस्त्रीवाली माझी चुलत बहीण लागते."

मला अजूनही कळत नव्हतं. खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, मग इस्त्रीवालीला कोण सांगायचं? तो छताकडे बघत राहिला. मी म्हटलं, अरे, हात गेला तुझा! एक नाव सांगायचं होतंस, सुटला असतास!

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तुम्ही त्या खोलीतून सरळ घरी गेला असता."

मग डोळे मिटून म्हणाला, "वहिनींना वाटलं होतं, आकडे आधीच निघाले तर दगड पडणार नाहीत. तुमचं डोकं फुटलं होतं ना, त्याच्या नंतरपासून. मलाही वाटलं, बरंच आहे. कुणाला लागत नव्हतं. त्या दिवशी तुम्ही अर्धा तास आधी आलात."

नर्स येऊन मला घेऊन गेली.

२७ मार्च

घरी सोडलं. ही स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. लेक टेबलाशी. मी दारात उभा राहून विचारलं, "तू सांगायचीस?"

सुरी थांबली. "हो. मीच."

एवढं बोलली आणि मागे सरकत भिंतीला टेकली. दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं पुढे, मान खाली. लेक खुर्ची पाडून धावली आणि तिच्या पुढे उभी राहिली, डोळे गच्च मिटून.

मी हात उचलला नव्हता. एक पाऊलही टाकलं नव्हतं. माझ्या बरगड्या मोडलेल्या, मला धड उभं राहता येत नव्हतं. तरी त्या दोघी तशा उभ्या राहिल्या.

मी खाली बसलो. जमिनीवरच. ही म्हणाली, "गवंड्याला दोन मुलं आहेत. धाकटीला अजून चालता येत नाही. मी विचारलं होतं तुम्हाला, तुम्ही सांगितलं नव्हतंत. मीच जाऊन बघून आले, लांबून."

३० मार्च

चार पानं जबाब लिहिला. कारखान्याची केबल, मिठाची पोती, फाटकाजवळची खुर्ची. मग तीन मार्चची दुपार. कपाट, दार, मनगट. मनगट कुणी धरलं तेही. "खांबावरून पडला" हा अहवाल खोटा आहे आणि सही माझी आहे. सात मार्चही लिहिलं. आई, तरुण, म्हातारा.

हिचं नाव घातलं नव्हतं. तिने वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "गवंड्याचं अर्धवट आहे."

"तुला यात ओढत नाही."

"तुम्ही कोण ओढणारे? मी आहेच त्यात." कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात खाली सहा ओळी लिहिल्या.

मोठ्या साहेबांनी चारही पानं वाचली, पुढे सरकवली आणि म्हणाले, "घेऊन जा. औषधांच्या गुंगीत लिहिलंय, असं समजतो." मी म्हटलं, एक प्रत वरच्या कार्यालयात आणि एक न्यायाधीशांकडे सकाळीच दिली आहे. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. दुपारपर्यंत निलंबनाचा कागद हातात. बाहेर हवालदार भेटला. तोच मऊ आवाज: "साहेब, मनगट तुम्ही धरलं होतं. आत गेलात तर आधी तुम्ही."

म्हटलं, हो. लिहिलंय ते.

वायरमनला जाऊन सांगितलं. त्याने जबाब मागितला नाही, वाचायचाय असंही म्हणाला नाही. डाव्या हाताने चमचा धरायचं शिकत होता. "बसा," एवढंच म्हणाला. मग, "माफ केलं असं समजू नका." मी म्हटलं, नाही समजत. त्याची बायको या वेळी खोलीतच थांबली.

४ एप्रिल

आज ही लेकीला घेऊन तिच्या बहिणीकडे गेली. बॅगा मीच उचलायला गेलो, बरगड्यांमुळे जमलं नाही, तिने उचलल्या.

निघण्याआधी गवंड्याच्या घरी जाऊन आली. एकटीच. मी येऊ का म्हटलं तर नको म्हणाली. तासाभराने परत आली, ओठ पांढरे. "तिने बसायला सांगितलं नाही," म्हणाली, "मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, आता काय करू याचं?"

बसथांब्यावर गर्दी नव्हती. म्हटलं, वकील म्हणतो, चौकशी पुढच्या महिन्यात लागेल. मला आत टाकतील, कदाचित.

"साक्षीची तारीख कळवा," ती म्हणाली. "मी येईन. जे केलं ते तिथे सांगेन, तुम्ही केलंत तेही सांगेन."

"आणि घरी?"

तिने लेकीकडे बघितलं. लेक आधीच चढून खिडकीशी बसली होती. "ते हिला विचारून ठरवीन," ती म्हणाली. "मला एकटीला नाही ठरवायचं."

मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. पाणी घेतलंस का, म्हणून विचारलं. तिने बाटली उचलून दाखवली. अर्धी भरलेली होती. म्हटलं, थांब, भरून आणतो, आणि नळाकडे निघालो. जोरात चालता येत नव्हतं. भरून वळलो तोवर बस सुरू झाली होती, पण सुटली नव्हती. लेकीने ड्रायव्हरला ओरडून थांबवली होती. खिडकीतून हात बाहेर काढून तिने बाटली घेतली आणि म्हणाली, "जा आता बाबा, ऊन आहे."